अंगणांतील अनोळखी पाहुणा

आम्ही शिक्षक आणि तुम्ही आईबाप एका गोष्टीस फार भितों. ती गोष्ट म्हणजे मुलांच्या देखत "मला ठाऊक नाहीं" असें म्हणणें. मुलानें प्रश्न विचारला कीं त्यास तत्काळ उत्तर मिळालेंच पाहिजे, नाहींतर आपला मान गेला, अशी आपली समजूत असते. मग तें उत्तर खरें आहे कीं नाहीं, हें पाहण्यास आपण थांबत नाहीं. ह्या संवयीनें केवढा अनर्थ होतो, तें मला गेल्या सप्टेंबर महिन्यांत एका पतंगानें शिकविलें. चूक माझीच असल्यामुळें ती सांगतांना संकोच वाटतो. परंतु जो धडा गुरूला मिळाला तो शिष्यांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे.

त्या दिवशीं रात्रीची प्रार्थना आटोपून वसतिगृहांतील मुलें अंगणांत आलीं, तों दिव्याखालीं भिंतीवर एक भला मोठा कीटक बसलेला त्यांस दिसला. पंख पसरले असतां तो चार इंचांहून अधिक रुंद भरला असता. एका धीट मुलानें त्यास काडीनें डिवचलें, तेव्हां तो उंदरासारखा चिरकला! मुलें मागें सरलीं. इतक्यांत कोणीसें ओरडलें, "त्याच्या पाठीवर पाहा, माणसाची कवटी!" आणि खरोखरच, डोक्यामागें पाठीवर दोन काळे डोळे असलेली फिकट कवटी काढल्यासारखें चिन्ह होतें. "सर, हा विषारी आहे काय?" सर्वांनीं एकदम विचारलें.

मी शास्त्र शिकवितों. असा कीटक मीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. पण वीस-पंचवीस मुलांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. "विषारीच असला पाहिजे, लांब राहा," असें मीं ठासून सांगितलें. माझें वाक्य पुरें होतें न होतें, तोंच कोणाची तरी वहाण त्या जिवावर बसली.

गोष्ट इतक्यावर संपती तर मीहि ती विसरलों असतों. परंतु आजाऱ्यांच्या खोलींत तीन दिवसांच्या तापानें फणफणलेला सातवीचा एक मुलगा निजला होता. "मेलेल्या माणसाचें तोंड असलेला विषारी किडा आपल्या दाराशीं आला होता, सरांनींच सांगितलें," ही बातमी त्याच्या एका मित्रानें त्यास नेऊन पोंचविली. त्यानें दिवा मालवूं दिला नाहीं कीं डोळा मिटला नाहीं. मध्यरात्रीं माझा हात धरून त्यानें विचारलें, "सर, तो माझ्यासाठींच आला होता काय?" मीं त्याची समजूत घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण जें जें मी बोलें त्याच्या आड माझाच "विषारी" हा शब्द येऊन उभा राही. त्याची आई दूर गांवीं. पहांटेपर्यंत मी त्याच्या उशाशीं बसून होतों.

उजाडतांच मीं तो चेंगरलेला कीटक कागदावर उचलून घेतला, भिंगाखालीं ठेवला आणि पुस्तकांशीं ताडून पाहिला. पाय सहा, पंख चार, आणि पंखांवरील धूळ म्हणजे सूक्ष्म खवले. तेव्हां हा फुलपांखरांच्या व पतंगांच्या वर्गांतला ठरला. पुढील पंख लांब व निमुळते, शरीर जाड; म्हणून ज्यांस इंग्रजींत हॉक मॉथ म्हणतात त्या कुळांतला. पाठीवर कवटी असलेल्या ह्या पतंगाच्या दोन जाती आपल्या देशांत आढळतात. एकीचे मागील पंख पिवळे असून त्यांवर दोन काळे पट्टे असतात, ती स्टिक्स; दुसरीच्या मागील पंखांच्या मुळाशीं मोठा काळा डाग असतो, ती लॅकेसिस. आमचा पाहुणा पहिल्या जातीचा होता. ह्या कुळावर बेल व स्कॉट ह्या दोघांनीं १९३७ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांपैकीं बेलसाहेब कारवारकडील जंगलखात्यांतले अधिकारी. अळ्या पाळून त्यांचें अवलोकन करण्यांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें.

ह्या पतंगाला नांगी नाहीं, विष नाहीं. त्याचा धंदा मधाच्या चोरीचा! रात्रीं तो मधमाश्यांच्या पोळ्यांत शिरतो आणि आपल्या आंखूड, बळकट सोंडेनें मेणाचीं घरें फोडून मध पितो. युरोपांतील ह्याच्या भाऊबंदाच्या अंगाला मधमाश्यांच्या अंगावर असतात तींच द्रव्यें असतात, त्यामुळें माश्या फसतात, असें १९९१ सालीं शोधकांस दिसून आलें. त्याचें चिरकणें म्हणजे सोंडेवाटें हवा घशांत ओढण्याचा व ती जोरानें बाहेर टाकण्याचा आवाज. त्याची अळी बोटाहून जाड असून तिच्या शेपटीवर शिंग असतें. ती तिळाचीं व वांग्याचीं पानें खाते आणि पुढें जमिनींत शिरून कोष करते. शेतकऱ्याचें ती नुकसान करते, हें खरें. परंतु हा चोर मधाचा व पानांचा; माणसाच्या प्राणांचा नव्हे.

मग त्याला लोक इतके भितात कां? केवळ अडाणी लोकच भितात असें समजूं नका. विद्वानांनीं दिलेलीं नांवेंच पाहा. स्टिक्स ही ग्रीक पुराणांतील मृतांची नदी. लॅकेसिस ही आयुष्याचा धागा मोजणारी देवी, आणि युरोपांतील जातीला दिलेलें आट्रोपोस हें नांव तो धागा कापणारीचें! आपण मराठी माणसेंहि एखाद्याला आधीं नांवें ठेवतों आणि त्याचें नांव मागाहून विचारतों. पवित्र शास्त्रांत आदामासमोर सर्व प्राणी आणले गेले तेव्हां त्यानें त्यांस नांवें दिलीं, असें सांगितलें आहे. प्राणी आधीं डोळ्यांसमोर आला, नांव मग मिळालें, हा क्रम आपण विसरूं नये.

सकाळीं मीं तो कागद व भिंग त्या आजारी मुलाच्या हातीं दिलें आणि "काल मीं न पाहतां बोललों, माझें चुकलें," असें त्यास सांगितलें. त्यानें पाय मोजले, सोंड पाहिली, आणि मधचोराची हकीकत ऐकून तो हंसला. ताप पुढें दोन दिवसांनीं औषधानें उतरला. भीति मात्र त्याच सकाळीं उतरली.

कोणी म्हणेल, "मग काय मुलांनीं दिसेल तो किडा हातांत घ्यावा?" मुळींच नाहीं. विंचू आहेत, गांधीलमाश्या आहेत, अंगावर फोड उठविणारे हिंगे आहेत, केंसाळ सुरवंटहि आहेत. "लांब राहा" हें माझें सांगणें योग्यच होतें. "विषारी" हें मात्र पदरचें होतें. अनोळखी जीव दिसला तर उघड्या हातानें शिवूं नये. जमल्यास त्यावर कांचेचा पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा. पाय किती, पंख किती, कोणत्या झाडावर व कोणत्या वेळीं सांपडला, हें वहींत टिपावें, चित्र काढावें, आणि त्यास सोडून द्यावें. मग जाणत्यांस विचारावें. तिळावरची अळी म्हाताऱ्या शेतकऱ्यास ठाऊक असते. मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेली निसर्ग-इतिहास संस्था ह्याच कामास वाहिलेली आहे.

आईबापांस माझी विनंति इतकीच कीं, मुलानें अंगणांतून हांक मारून "हें काय?" असें विचारलें, तर हातांतलें काम क्षणभर बाजूस ठेवून बाहेर या, आणि ठाऊक नसेल तर तसें मोकळेपणानें सांगा. "मला ठाऊक नाहीं, चल, पाहूं या," ह्या उत्तरानें आपला मान कमी होत नाहीं. त्या रात्रीं मीं तेंच उत्तर दिलें असतें, तर एका निरुपद्रवी जिवाचे प्राण वांचले असते, आणि एका आजारी लेंकराला झोंप लागली असती.