भोंगऱ्याची बातमी

होळीला आठवडा उरला की चोपडा, यावल आणि शिरपूर तालुक्यांच्या डोंगराकडच्या अंगाला ढोल वाजू लागतात, आणि इकडे सपाटीवरच्या वर्तमानपत्रांत दरवर्षीची एक बातमी धूळ झटकून पुन्हा उभी राहते. सातपुड्यातला भोंगऱ्या बाजार म्हणजे आदिवासींचे स्वयंवर. मुलाने मुलीच्या गालाला गुलाल लावायचा, तिने लावू दिला की दोघांनी पळून जायचे. ही बातमी मीही लिहिलेली आहे. पत्रकारितेतल्या माझ्या पहिल्याच फाल्गुनात, बाजारात जेमतेम पाऊण तास काढून आणि चहाच्या टपरीवर ऐकलेले खरे मानून. मथळा ठळक मिळाला, कौतुकही झाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पावरा शिक्षकांशी ओळख झाली. त्यांनी ते कात्रण वाचलेले होते. ते चिडले नाहीत. त्यांची मुलगी तेव्हा बारावीला होती. ती मैत्रिणींबरोबर भोंगऱ्याला गेली की शहरातून आलेली माणसे तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, एवढेच त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. आजचा लेख त्या न दिलेल्या उत्तरासाठी आहे, असे समजायला हरकत नाही.

भोंगऱ्या हा मुळात बाजारच. होळीच्या आधीच्या आठवड्यात ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथे भोंगऱ्या. आज पळासनेर, उद्या बोराडी, परवा वैजापूर, असा तो गावोगाव सरकत जातो. सीमेपलीकडे बडवानी, खरगोन, अलिराजपूर, झाबुआ या भागांत त्यालाच भगोरिया म्हणतात. राज्यांची सीमा माणसांनी आखली, सणाला ती ठाऊक नाही. गूळ, फुटाणे, खजूर, साखरेचे हार-कंगण, होळीला लागणारे सगळे इथून घरी जायचे. ऊसतोडीला, बांधकामावर, जिनिंगवर गेलेली माणसे जिथे असतील तिथून होळीसाठी परततात. मुकादमाकडून उचल घेऊन गेलेला गडी गावी येतो, सोयऱ्यांना भेटतो, आणि त्याच्या खिशातले पैसे वर्षातून एकदा तरी त्याच्या मर्जीने खर्च होतात. हे त्या गर्दीमागचे अर्थकारण. माझ्या बातमीत त्याला एक ओळही मिळाली नव्हती.

आणि ढोल! दोन माणसांनी उचलावा एवढा एकेक ढोल, सोबत थाळी आणि बासरी. एका गावाचा ढोल दुसऱ्या गावाच्या ढोलाला उत्तर देतो. चांदीचे दागिने घातलेल्या मुली एकाच रंगाच्या साड्या नेसून हातात हात गुंफून नाचतात. यात तरुण पोरे-पोरी एकमेकांकडे बघत नाहीत, असे कोण म्हणेल? बघतातच. जमतेही कुणाचे. पण ते पंढरपूरच्या वारीतही जमते आणि आमच्या गावच्या यात्रेतही. म्हणून त्यांना कोणी पळवापळवीचा मेळावा म्हणत नाही. पावरा समाजात लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी मुलीकडे देज द्यायचे असते, ते पंचांसमोर ठरते. पळून जाऊन झालेले लग्नही शेवटी पंचांपुढेच येते. आपल्याकडे मुलीच्या बापाने हुंडा मोजायचा असतो आणि तो बंद दाराआड ठरतो. बाजार हा शब्द नेमका कुणाला लावावा, हे वाचकांनीच ठरवावे.

सपाटीवरच्या आपल्यालाही मोकळीक अनोळखी नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरची उणीदुणी गाण्यातून काढतात, आणि एरवी पत्त्यांना हात न लावणारे पुरुष त्या दिवशी उघड्यावर डाव मांडतात. त्याला आपण परंपरा म्हणतो. मोकळीक डोंगरावर गेली की मात्र तिचा चवीचा विषय होतो.

इटलीच्या उत्तरेला इव्हरिया नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या कार्निव्हलची कथाही एका मुलीभोवतीच फिरते. नववधूवर पहिला हक्क सांगणाऱ्या जुलमी सरदाराचे मुंडके गिरणीवाल्याच्या पोरीने उडवले, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावाने दरवर्षी भर चौकात संत्र्यांची लढाई होते. संत्री तिथे पिकत नाहीत, दक्षिणेतून ट्रकने येतात. पण गोष्ट मात्र गावाची स्वतःची. पाहुण्यांसाठी नियमही गावाचाच: ज्याला मार नको त्याने लाल टोपी घालावी. मला हेवा वाटतो तो संत्र्यांचा नव्हे, त्या टोपीचा. आपल्या उत्सवात बाहेरच्याने कसे वागायचे हे तिथे गाव ठरवते. भोंगऱ्यात मोबाइल उंचावून नाचणाऱ्या मुलींच्या तोंडापाशी नेणाऱ्याला टोपी कुणी घालायची?

झाबुआ-अलिराजपूरकडच्या आदिवासी तरुणांच्या संघटनांनी या पळवापळवीच्या वर्णनाला गेल्या काही वर्षांत जाहीर आक्षेप घेतला आहे. त्यांच्या उत्तरांत कधी कधी दुसरे टोक दिसते. भोंगऱ्या म्हणजे केवळ पूजासामानाची खरेदी, बाकी काही नाही. हे मला पटत नाही. इतकी हसणारी, नटलेली, ताडीच्या धुंदीतही ताल न चुकणारी गर्दी नुसत्या फुटाण्यांसाठी जमत नाही. परंतु आपल्या सणातला आनंद झाकून ठेवावा असे त्यांना वाटू लागले, तर त्यात माझ्यासारख्यांच्या लेखणीचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गेल्या खेपेला मी दिवसभर थांबलो. दुपारी ऊन तापल्यावर ढोल जमिनीवर टेकवून पोरे सावलीला बसली होती. त्या शिक्षकांची मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. ती भावाच्या लेकरासाठी साखरेचे कंगण घेत होती. मी कॅमेरा पिशवीतून काढला आणि तिला विचारले. ती नको म्हणाली. मग आम्ही दोघांनी खजुराचा भाव केला. दुकानदाराने तिला कमी लावला, मला जास्त.