मुळ्याला पाणी सुटेपर्यंत

मागच्या रविवारचा एक फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि सोमवारी सकाळी सोलापूरहून नणंदबाईंचा फोन आला. फोटोत विशेष काही नव्हतं. म्युनिकच्या हिर्शगार्टनमध्ये चेस्टनटच्या झाडाखाली, लाकडी बाकांवर आम्ही चौघं बसलोय आणि मधे टेबलावर चार पुडांचा स्टीलचा डबा उघडा आहे. धपाटे, शेंगा चटणी, दही, कांदा.

"अगं, इतकी वर्षं झाली तुम्हाला तिथं," ताई म्हणाल्या, "अजून सहलीला डबा नेता? एवढ्या मोठ्या गार्डनमध्ये जाऊन घरचं उघडून बसलात. बघणारे काय म्हणत असतील?"

मी "हो ताई, बघू" म्हणून विषय बदलला. पण आठवडाभर ते मनातून जाईना. भांडी घासताना, ट्राममध्ये, मुलांची दप्तरं भरताना मी ताईंना मनातल्या मनात उत्तर देत होते. आज ते कागदावर उतरवते, कारण हे फक्त ताईंचं म्हणणं नाही. परदेशात राहायचं तर डबा आता सोडला पाहिजे, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं आणि मला ते मनापासून पटत नाही.

बघणारे काही म्हणत नाहीत, कारण त्यांच्यातले कितीतरी जण स्वतःच घरून खाणं घेऊन आलेले असतात. हिर्शगार्टन म्हणजे बिअरची बाग, आणि अशा बागांची ही रीत जुनी आहे. म्युनिक ज्या बव्हेरियात आहे, तिथं १५३९ च्या नियमानुसार उन्हाळाभर बिअर बनवायला बंदी होती. म्हणून ती आधीच बनवून, हिवाळ्यातला बर्फ साठवून तळघरात ठेवत. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनट लावले. दाट सावली देणारं हे झाड, आणि त्याची मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराला धक्का लागत नाही. लोक त्या सावलीतच येऊन बसायला लागले, तशी शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२ साली राजा पहिला माक्सिमिलियन योसेफ यानं तोडगा काढला, की बिअरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, बाकी जेवण विकू नये. झालं, लोक जेवण घरून आणायला लागले. पुढं तिथं जेवणही मिळू लागलं, पण घरचं आणून खायची मुभा आजही आहे. पेय तेवढं तिथलं घ्यायचं आणि कापड अंथरलेल्या टेबलावर डबा उघडायचा नाही, एवढंच पाळायचं. मुलं सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं आप्फेलशोर्ले पितात.

आमचा रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो. इथली दुकानं शनिवारी रात्री आठला बंद झाली की सोमवारपर्यंत उघडत नाहीत. दही, कोथिंबीर आठच्या आत घरात आली पाहिजे. ज्वारीचं पीठ स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून महिन्याचं एकदम आणलेलं असतं. रविवारी सकाळी नवरा कांदा चिरतो, मी ओल्या फडक्यावर धपाटी थापते. कुकर लावत नाही. त्याच्या शिट्टीवरून एकदा खालच्या मजल्यावरच्या आजींनी कुरकुर केली होती. तेव्हापासून रविवारची शांतता आमच्याही अंगवळणी पडली आहे.

लहानपणी आम्ही असाच डबा घेऊन नळदुर्गला जायचो. पावसाळ्यात नर-मादी धबधबा सुरू झाला, की निम्मं सोलापूर तिथं. किल्ला बघून झाला की वडील सावली शोधायचे, आई जुनी चादर अंथरायची आणि कडक भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. किल्ल्यातला पाणीमहाल कुणी बांधला ते शाळेत शिकवलं होतं, पण मला आजही आधी आठवतो तो भाकरीचा आवाज. माझ्या मुलांना म्युनिक आठवेल तेव्हा त्यांनाही असा एखादा आवाज, एखादा वास आठवावा, असं मला फार वाटतं.

तर त्या रविवारी. इथं टेबलं लांबलचक असतात आणि अनोळखी माणसाशेजारी बसायचं असेल, तर "इथं जागा आहे का?" एवढं विचारलं की पुरतं. एक आजी आल्या, विचारून आमच्या टेबलाशी बसल्या. वेताच्या टोपलीतून त्यांनी निळ्या चौकड्यांचं छोटं कापड काढून पसरलं. पाव, लोणी, चीज, सुरी, मिठाची डबी. आणि शेवटी हातभर लांब पांढरा मुळा! थेट आपल्या मंडईतला असावा तसा.

त्यांनी तो फिरवत फिरवत असा कापला की चकत्या सुट्या झाल्याच नाहीत. ओढल्यावर सगळा मुळा एका लांब वेटोळ्यासारखा उलगडला. घडीघडीत मीठ भुरभुरवलं, पुन्हा मिटवला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. माझी आठ वर्षांची मुलगी टक लावून बघत होती. तिनं विचारलं, खात का नाही? आजी म्हणाल्या, "थांब, अजून रडला नाही."

मुलीनं मला ते मराठीत सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कोशिंबिरीच्या मुळ्याला मीठ लावून आई हेच म्हणायची, "पाणी सुटू दे, घाई करू नको, उग्रपणा जातो." आमच्याकडे पाणी सुटतं, यांच्याकडे मुळा रडतो. थोड्या वेळानं वेटोळ्याच्या कडांवर बारीक थेंब जमले, एक थेंब घरंगळून कापडावर पडला. आजींनी पहिली चकती मुलीला दिली.

मग मी धपाटं पुढं केलं. चटणी तिखट आहे हे सांगेपर्यंत त्यांनी धपाट्यावर लोण्याचा हात फिरवला होता आणि सुरीच्या टोकानं वर चटणी पसरली होती. धपाट्यावर लोणी घ्यायचं, हे त्यांना कुणी सांगितलं? डोळ्यांत पाणी आलं तरी थांबल्या नाहीत, दुसरं मागून घेतलं. वरून चेस्टनटची पांढरी फुलं गळत होती, त्यातलं एक दह्यात पडलं. मुलगा ते चमच्यानं काढून बाजूच्या कुंपणातली हरणं बघायला पळाला. आजी आणि मी मुळ्याबद्दल, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, तासभर बोललो. सात वर्षं शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंशी मी एवढं बोलले नाही.

काल मीच ताईंना फोन केला. हे सगळं सांगितलं, मुळ्याच्या थेंबासकट. म्हटलं, पुढच्या महिन्यात तुम्ही याल तेव्हा पहिल्याच रविवारी आपण तिथं जायचं, आणि डबा तुम्ही भरायचा.

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कडक भाकरी आणू का गं? विमानात मोडणार नाही ना? साड्यांच्या घडीत ठेवते."