बहिणीची सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे झालं?

भावाला किडनी द्यायला तयार असलेल्या बहिणीची सोनोग्राफी नॉर्मल आली, की घरचे म्हणतात, "आता आणखी तपासण्या कशाला?" भावाला पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असेल, तर एवढ्यावर थांबणं हा त्या बहिणीवर अन्याय आहे.

हा आजार बहुतेक वेळा पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकातल्या दोषामुळे होतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी. पण किडनीतल्या पाणी भरलेल्या गाठी वयाबरोबर वाढतात. म्हणून पंचविशीतली नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे क्लीन चिट नव्हे.

आधी भावाच्या रक्तातून नेमका दोष शोधावा, मग तोच बहिणीत आहे का ते पाहावं. भावात दोष सापडलाच नाही, तर बहिणीच्या एमआरआयचा आधार घ्यावा.

"रिपोर्टमुळे मुलीचं लग्न अडेल," असं तुम्ही म्हणाल. रिपोर्ट नको, पण तिची किडनी हवी?

किडनीच्या प्रत्येक रुग्णाला ही तपासणी लागत नाही. पण घरात हा आजार असेल, तर संमतिपत्रावर सही होण्याआधी डॉक्टरांना विचारा, "दात्याची जनुकीय तपासणी झाली का?"