लेख अनेकांचा, हक्क प्रत्येकाचा

मराठी विकिपीडियावरचा मजकूर उचलून पुस्तकात किंवा अंकात छापणाऱ्यांचा समज असतो, की तो कोणाचाच नाही. खरे तर तो पुष्कळांचा असतो. तिथे दोन ओळी लिहिणाऱ्याचाही त्या ओळींवरचा कॉपीराइट शाबूत राहतो. विकिमीडिया फाउंडेशन सर्व्हर चालवते, मजकुराची मालक नसते. लिहिणारा फक्त परवाना देतो: वापरा, बदला, विकासुद्धा, पण श्रेय द्या आणि त्यात भर घालून केलेले लेखनही याच अटींवर खुले ठेवा.

आपला १९५७चा कॉपीराइट कायदा संयुक्त कृती मानतो, पण ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, अशीच. दोघांनी एकत्र बसून लिहिलेल्या नाटकाला हे लागू पडते. विकिपीडियावर प्रत्येक फेरफार लेखाच्या ‘इतिहासा’त वेळेसह नोंदलेला असतो, तरी तयार परिच्छेदात कोणाचे काय उरले हे सांगणे कठीण. टोपणनावाने आलेल्या कृतीची ६० वर्षांची मुदत प्रकाशनापासून मोजतात. रोज बदलणारा लेख प्रकाशित कधी झाला म्हणायचे?

विखुरलेल्या मालकीचा भार ओपनस्ट्रीटमॅपने प्रत्यक्ष सोसला. २००४ मध्ये सुरू झालेल्या या नकाशाचा परवाना २०१२ मध्ये बदलला, कारण आधीचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना माहितीसंचासाठी अपुरा पडत होता. पण नकाशा चालवणाऱ्या संस्थेला परस्पर ठरवता येईना. नकाशात भर घालणाऱ्या एकेकाची संमती मागावी लागली. ज्यांनी ती दिली नाही, त्यांनी रेखाटलेले रस्ते पुसावे लागले. नुकसान झाले, तरी आमच्या मते तेच योग्य होते. फुकट काम करणाऱ्याच्या नकाराला किंमत नसेल, तर त्याच्या होकारालाही नाही. विकिपीडियाने २००९ मध्ये परवाना बदलला तेव्हा ही वेळ आली नाही, कारण परवान्याची पुढची आवृत्ती लागू करण्याची मुभा लिहिणाऱ्यांनी आधीच दिलेली होती.

छापील पानावर लेखाचे नाव, त्याचा वेबपत्ता आणि परवान्याचा उल्लेख यांना दोन ओळी पुरतात. त्या गाळून वर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ छापणे हा उघड अटभंग आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी लेख स्वीकारतानाच विचारावे: यातले विकिपीडियावरून काय घेतले, आणि श्रेय कुठे दिले?