कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

पेढीवर काही वह्या गिऱ्हाइकासमोर उघडल्या जात, तर काही कपाटातच राहत. कोणती वही कोणी पाहावी, हे शेठजी ठरवीत. मुनीम कितीही विश्वासू असला, तरी हा नियम परस्पर बदलण्याचा अधिकार त्याला नसे. समाजमाध्यमांवरील खासगीपणाचा जो वाद गेली वीस वर्षे पुन्हा पुन्हा उफाळतो, तो मुळात याच अधिकाराचा आहे.

१९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकी विद्यार्थ्याने मित्रांना एकमेकांची खबरबात कळावी म्हणून ‘लाइव्हजर्नल’ सुरू केले. ही एक प्रकारची सामाजिक रोजनिशी होती. प्रत्येक नोंद सर्वांसाठी, निवडक मित्रांसाठी की केवळ स्वतःसाठी, हे लिहिणाऱ्याला ठरवता येई. या सोयीच्या भरवशावर लोकांनी आजारपण, घरातील बेबनाव, नोकरीतील अडचणी अशा गोष्टी तेथे लिहिल्या. चारचौघांत ज्या बोलता येत नाहीत, त्या मोजक्या माणसांपुढे मांडल्या.

२०१० च्या सप्टेंबरच्या सुमारास तेथे नवी सोय आली. एखाद्याच्या नोंदीखाली दिलेला आपला अभिप्राय त्याच वेळी फेसबुक वा ट्विटरवरही पाठवता येऊ लागला. मूळ नोंद कुलूपबंद असली, तरी तिच्याखालचा अभिप्राय बाहेर जाऊ शकत होता. सभासदांनी निषेधाचा भडिमार केला. मूळ नोंद परक्याला उघडतच नाही आणि अभिप्राय तर देणाऱ्याच्या मालकीचा, असे या सोयीचे समर्थन करता येत होते. तांत्रिकदृष्ट्या ते खोटेही नव्हते. परंतु ‘शस्त्रक्रिया नीट पार पडो’ एवढे एकच वाक्य बाहेर गेले, तरी आतले गुपित उरत नाही. कुलूप लावणारा एक आणि फट पाडणारा दुसरा, हीच सभासदांची तक्रार होती. काहींनी लाइव्हजर्नलच्याच माजी कर्मचाऱ्यांनी २००९ मध्ये उघडलेल्या ‘ड्रीमविड्थ’ या स्थळावर बिऱ्हाड हलवले.

व्यापारी कुटुंबांना अधिक बोलकी वाटेल ती त्याआधीची घटना. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ ही योजना आणली. चाळीसहून अधिक संकेतस्थळे तीत सामील होती. त्यांवर केलेल्या खरेदीची बातमी खरेदीदाराच्या मित्रमंडळींना आपोआप कळू लागली. एका गृहस्थाने पत्नीला अनपेक्षित भेट द्यावी म्हणून हिऱ्याची अंगठी घेतली. ती तिच्या हाती पडण्यापूर्वीच खरेदीची वार्ता त्याच्या मित्रांना आणि खुद्द पत्नीलाही समजली. दुकानदाराने गिऱ्हाइकाची खरेदी चव्हाट्यावर सांगावी, असाच हा प्रकार. ‘मूव्हऑन’ या नागरी संघटनेच्या निषेधपत्रावर ५०,००० हून अधिक लोकांनी सह्या केल्या. महिन्याभरात मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर क्षमा मागितली. पुढे दावा झाला, २००९ मध्ये योजना बंद पडली आणि ९५ लाख डॉलरची तडजोड झाली.

अर्थात प्रत्येक संताप टिकतोच असे नाही. २००६ मध्ये फेसबुकने मित्रांच्या हालचाली एकाच पानावर दाखवण्यास आरंभ केला, तेव्हाही लाखो सभासद खवळले होते. गंमत अशी की, निषेधाची वार्ता त्या नव्या पानामुळेच वेगाने पसरली. आज तेच पान लोक सकाळी उठल्याबरोबर उघडतात. सवय झाली की अडचणही सोय वाटू लागते, हे चालक चांगले ओळखून असतात. म्हणूनच सभासदाच्या मौनाला संमती मानण्याची प्रथा पडली.

तिला काहीसा लगाम कायद्याने घातला. डिसेंबर २००९ च्या बदलांत फेसबुकने सभासदांनी खासगी ठेवलेली काही माहिती, उदाहरणार्थ मित्रांची यादी, उघडी केली. त्यावरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने चौकशी केली. २०११ च्या तडजोडीनुसार, सभासदाने ठरवलेली मर्यादा ओलांडण्यापूर्वी त्याची स्पष्ट संमती घेणे कंपनीवर बंधनकारक झाले आणि वीस वर्षे तपासणीही लागली. हे बंधन मोडल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड बसला.

भारतात याची झळ बाजारपेठेपर्यंत पोहोचली ती २०२१ च्या जानेवारीत. व्हॉट्सॲपने नव्या अटी मान्य करण्यासाठी ८ फेब्रुवारीची मुदत दिली. घरगुती संभाषण कोणी वाचणार, असा त्यांचा अर्थ नव्हता. मुख्य प्रश्न व्यापारी खात्यांशी होणाऱ्या देवघेवीचा होता. तरीही असंख्य लोकांनी सिग्नल आणि टेलिग्रामकडे धाव घेतली आणि मुदत १५ मेपर्यंत पुढे गेली. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला होता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे म्हटले आहे.

कायदा आपल्या गतीने चालेल; घरात करण्याजोगे काम लहान आहे. अटी बदलल्याची सूचना आली की ‘मान्य’वर बोट ठेवण्यापूर्वी घरातील जाणत्या मुला-मुलीने ती वाचून वडीलधाऱ्यांना समजावून सांगावी आणि जुनी निवड आहे तशीच राहिली का, हे पाहावे. उधारी-वसुलीचे कागद, विवाहाची बोलणी, लहान मुलांची छायाचित्रे गटावर टाकताना, तेथील प्रत्येक जण ती पुढे धाडू शकतो याचे भान ठेवावे. लाइव्हजर्नलच्या सभासदांना कळले तेच येथेही लागू पडते: कुलूप कितीही चांगले असले, तरी आत बसलेल्या माणसावर ते लावता येत नाही. म्हणून गटात काय लिहावे, याआधी गटात कोण आहे, हे पाहून घ्यावे.