बॅटरी घरी ठेवून या

विरारकडून येणारी डहाणू गाडी वैतरणा स्टेशनात पकडली की बोईसर येईपर्यंत महिन्यातून एक तरी क्रांतिकारक माझ्या शेजारी सरकतो. मी एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग करतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. तो आवाज खाली आणतो आणि मोबाइल पुढे करतो. पडद्यावर चाक. चाकाला चुंबकं. चाक फिरतंय. ‘वीज नाही, डिझेल नाही, काही नाही. बघा!’ मी बघतो. व्हिडिओ अकरा सेकंदांचा असतो. चिरंतन गती नेमकी अकराव्या सेकंदाला का संपते, हे विचारायचं नसतं.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका शास्त्रज्ञाच्या माळ्यावर गेलो. सायकलची रिम, तिच्यावर फुटक्या स्पीकरांतली चुंबकं एम-सीलनं बसवलेली. साहेबांनी टिचकी मारली. चाक दीड फेरी गेलं, एका चुंबकापाशी अडखळलं, मागे आलं, पुढे गेलं, आणि म्हशीनं मान हलवावी तसं दोनदा डुलून उभं राहिलं.

‘अँगल जरासा चुकलाय,’ साहेब म्हणाले.

हा अँगल सहा वर्षं जरासाच चुकलेला आहे. मग त्यांनी एक जाड चुंबक हातात धरलं, चाकाजवळ नेलं, मागे घेतलं, परत नेलं. चाक फिरायला लागलं! आता इंजिन म्हणजे तो हात, आणि इंधन दुपारचा भात नि सुकं बोंबील, हे मी बोललो नाही. त्यांच्या घरचा चहा प्यायलो होतो.

अडचण काय आहे? चुंबक हा सावकार आहे. जवळ येणाऱ्याला ओढून घेतो, वेग देतो, आणि निघायची वेळ आली की दिलेलं सगळं वसूल करतो. दाणा न दाणा. बेअरिंगचं घर्षण आणि हवा हे वरचं व्याज. एका फेरीचा हिशेब शून्य, व्याज धरलं तर तोटा. बारा चुंबकं लावा की बाराशे, तिरपी लावा की उलटी. सावकार वाढले म्हणून कुणी कर्जमुक्त झाल्याचं ऐकलंय?

मोटार फिरायची तर चुंबक पुढे गेल्याबरोबर समोरचा ध्रुव बदलावा लागतो. तेवढ्यासाठी तांब्याची तार, तारेत वीज, आणि विजेचं बिल. म्हणून तर माझं पोट भरतं.

पण क्रांतिकारकाला हिशेब सांगितला की तो थेट बाराव्या शतकात उडी मारतो. ‘आपल्या भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय!’ ठेवलंय, खरं आहे. 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन आहे. पुढचं मात्र हा पठ्ठ्या वाचत नाही. आचार्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. मठ! चाकाचा कारखाना नाही. घरच्या माणसाला आजोबांचं गणित जास्त टिकाऊ वाटलं.

दुसरी उडी कटाची. ‘तेल कंपन्या दाबतात हो.’ कुणाला दाबलं? हॉवर्ड जॉन्सन नावाच्या अमेरिकनाला 1979 मध्ये कायम चुंबकाच्या मोटारीचं रीतसर पेटंट मिळालं. आकृत्यांसकट छापलेलं आहे, मुदत कधीच संपली, फुकट बनवा. एवढी वर्षं जग बनवतंय. अँगल जरासा चुकतोय. आयर्लंडच्या स्टीऑर्न कंपनीनं तर 2007 मध्ये लंडनला आपल्या चुंबकी यंत्राचा जाहीर प्रयोग ठेवला आणि दिव्यांच्या उष्णतेनं यंत्र बिघडलं म्हणून रद्द केला. जगाला उजळायला निघालेलं यंत्र चार दिव्यांना भ्यालं! 2009 मध्ये त्यांनीच नेमलेल्या तज्ज्ञांनी एकमुखानं सांगितलं, ऊर्जा निर्माण झाल्याचं दिसत नाही. आपला कायदा ही दगदगही करत नाही. 1970 च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलम निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला शोधच मानत नाही.

‘मग परमहंस तिवारी?’ हा हुकमाचा एक्का. तिवारी माळ्यावरचे नव्हते. कारवारकडच्या कैगा अणुवीज प्रकल्पाचे ते प्रमुख होते. आपलं जनित्र शंभर टक्क्यांहून जास्त कार्यक्षम आहे, असा त्यांचा अनेक वर्षांचा दावा. मोठा माणूस, मान्य. पण कैग्याचे चारही संच आजही युरेनियमवरच चालतात. यापुढे मी काय बोलू?

माझं बोलणं मीटरचं. हे लोक व्होल्ट मोजतात, अँपिअर मोजतात, गुणाकार करतात आणि पेढे वाटतात. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातली खरी वीज किती, ते कुणी धरायचं? नो-लोडला, म्हणजे काही न जोडता, तर कुणीही पळतं. शाफ्टला पट्टा चढवून पाण्याचा पंप जोडा, मग कळतं.

यांचा राग मला समजतो. शेजारच्या तारापूरला 1969 पासून अणुवीज निघते आणि आमच्याकडे पहिल्या सरीबरोबर अंधार होतो. माणूस चिडणारच. पण अंधारावर चिडून न्यूटनला लाथ का? लाथ खांबांना मारा, निदान लाइनमन तरी येईल.

खरी गंमत त्या माळ्यावर, डोक्याच्या वरच होती. चाकाची चर्चा चालू असताना वर एक नवा बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटारीचा, पंखा शांतपणे फिरत होता. त्याच्या पोटात कायम चुंबकंच आहेत. जुना पंखा 75 वॉट खातो, हा 28 च्या आसपास. म्हणजे चुंबकानं खरोखर बिल कमी केलंय, शून्य मात्र केलेलं नाही. चीननं एप्रिल 2025 मध्ये दुर्मिळ मृदा धातूंच्या कायम चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा पुण्याच्या बजाजला विजेवरच्या ‘चेतक’ स्कूटरची काळजी पडली. चुंबकातून फुकट वीज गळत असती तर चीन कशाला चुंबकं विकत बसला असता? आणि बजाजनं ‘चेतक’ला चार्जर कशाला दिला असता?

तर क्रांतिकारक दादा, माझी तयारी आहे. यंत्र घेऊन या, बाहेर पडणारी वीज आत जोडा, बाकीच्या सगळ्या तारा काढा आणि आपण दोघं वैतरण्याच्या फलाटावर बाकड्यावर बसू. दुपारी डहाणू गाड्यांमध्ये मोठा खंड असतो, वेळ भरपूर आहे. पुढची गाडी येईपर्यंत चाक फिरत राहिलं तर दुकानाची किल्ली तुमच्या हातात ठेवतो. बॅटरी तेवढी घरी ठेवून या. बोटही.