अभियंत्याने कायदा शिकावा काय?



दोहा येथे बांधकाम-अभियंता म्हणून नोकरीस असलेल्या आपल्या भाच्याविषयी एका भगिनीने विचारणा केली आहे : "नोकरी सोडून त्याने वकिलीचे शिक्षण घ्यावे काय?" प्रश्न एका घरचा असला तरी तो अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

कतारमध्ये या दोन विद्यांचा संबंध निकटचा आहे. तेथील २००४ च्या दिवाणी कायद्यानुसार इमारत दहा वर्षांच्या आत कोसळल्यास कंत्राटदाराबरोबर अभियंताही जबाबदार धरला जातो. मोठ्या कामांत 'फिडिक' नमुन्याचे करार प्रचलित आहेत. त्यांच्या १९९९ च्या आवृत्तीप्रमाणे वाढीव मुदत किंवा रक्कम मागावयाची असल्यास कंत्राटदाराने कारण कळल्यापासून २८ दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते. न दिल्यास मागणीचा हक्क जातो. म्हणजे कामावरची रोजनिशी आणि वेळेवर धाडलेले एक पत्र यांवर मोठ्या रकमा अवलंबून असतात. करार जाणणाऱ्या अभियंत्याला मान आहे तो यामुळेच. शिवाय तेथील २०१७ च्या लवाद कायद्यानुसार पंच हा वकीलच असावा असे बंधन नाही.

मात्र काही गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. कतारच्या सर्वसाधारण न्यायालयांत वकिली करण्याची मुभा परदेशी माणसाला सहसा नसते. भारतातील पदवीधरांचा कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून तासांना ७० टक्के हजेरी लागते. पत्रद्वारा घेतलेल्या पदवीवर सनद मिळत नाही. दोहाच्या हमद बिन खलिफा विद्यापीठात पदवीधरांसाठी इंग्रजीतून कायद्याची पदवी आहे. परंतु तेवढ्यावर भारतात सनद मिळेल असे गृहीत धरू नये.

तेव्हा आमचा सल्ला असा की, चिरंजीवांनी तूर्त नोकरी सोडू नये. प्रथम आपल्याच कामाचा करार मुळापासून वाचावा, दाव्यांचे व लवादाचे काम जवळून पाहावे. वर्ष-दोन वर्षांनंतरही ओढ कायम राहिली, तर शिल्लक गाठीशी बांधून मायदेशी तीन वर्षे द्यावीत.

आपल्या येथील तरुणांनाही एक वाट खुली आहे. इस्राएलच्या १९६७ च्या पेटंट कायद्यानुसार अभियांत्रिकीचा पदवीधर वकिलीच्या पदवीवाचूनही, उमेदवारी करून व परीक्षा देऊन, पेटंट-वकील होऊ शकतो. दुसरी पदवी घेण्यापूर्वी ती खरोखर लागते काय, हे प्रत्येकाने आधी पाहावे.